खोटं पाडण्यासाठी केलेलं भाकीत

एलडीएच, क्रिएटिनिन आणि प्लेटलेट. मिरजेतल्या कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये या तीन तपासण्या होतात आणि रिपोर्ट बहुतेक वेळा त्याच दिवशी हातात पडतो. पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार करायचा आणि प्लेटलेट जितके हजार असतील त्याने भागायचं. एलडीएच 300, क्रिएटिनिन 1 आणि प्लेटलेट दीड लाख असतील तर उत्तर येतं 2. एलडीएच 400, क्रिएटिनिन 1.2 आणि प्लेटलेट चाळीस हजारांवर आलेल्या असतील तर 12. या आकड्याला ‘ईझिक्स’ म्हणतात. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या थॉमस लुफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2017 मध्ये मांडला. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर किती ताण आहे, याचा तो एक ढोबळ अंदाज आहे. बोन मॅरो प्रत्यारोपणात दात्याच्या मूळपेशी देण्याआधी हा आकडा जितका मोठा, तितका रुग्णाचा पुढचा धोका जास्त, असं नंतरच्या अभ्यासांत दिसून आलं.

सांगली-साताऱ्याच्या रुग्णाच्या बाबतीत हा भागाकार करतं कोण? सहसा इथे कोणीच नाही. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उघडल्यापासून मिरज हे दक्षिण महाराष्ट्राचं आणि उत्तर कर्नाटकाचं दवाखान्यांचं गाव आहे, कराडला कृष्णा रुग्णालय आहे, मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1962 पासून आहे. तरीही दुसऱ्याच्या बोन मॅरोवर जगायची वेळ आली की रुग्ण सहसा पुणे, मुंबई किंवा वेल्लोरची वाट धरतो. जिथे प्रत्यारोपण, तिथेच धोक्याचा हिशेब, अशी रीत पडली आहे. आजार मात्र जिल्ह्यात उघडकीला येतो, पहिलं रक्त जिल्ह्यात चढतं, पहिले महिने जिल्ह्यात जातात, आणि वाचलेला रुग्ण परत येतो तोही जिल्ह्यातच. ही रीत बदलायला हवी. प्रत्यारोपणानंतर काय होईल याचं भाकीत जिल्ह्यात, निदानाच्या आठवड्यातच सुरू झालं पाहिजे. रुग्णांची चाळणी लावण्यासाठी नव्हे, तर ते भाकीत खोटं पाडता यावं म्हणून.

प्रत्यारोपण म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं, कारण नावावरून लोकांना मोठी शस्त्रक्रिया वाटते. रुग्णाची स्वतःची बिघडलेली मज्जा तीव्र औषधांनी, कधी किरणोपचाराने, दडपली किंवा संपवली जाते. मग दात्याच्या मूळपेशी पिशवीतून शिरेत सोडतात. बघणाऱ्याला ते रक्त चढवण्याइतकंच साधं दिसतं. त्या दिवसाला ‘डे झीरो’ म्हणतात आणि तिथून मोजणी सुरू होते. दोन-तीन आठवड्यांनी पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल सलग तीन दिवस पाचशेच्या वर राहिले, की नवी मज्जा रुजली असं धरतात. वॉर्डाबाहेर बसलेले नातेवाईक तेव्हा घरी फोन करतात, ‘काउंट वर आला.’

पण काउंट वर आला म्हणजे सगळं झालं असं नाही. दात्याच्या पेशी रुग्णाच्या कातडीला, आतड्याला, यकृताला परकं समजून त्यांच्यावर चालून जाऊ शकतात, त्याला जीव्हीएचडी म्हणतात. जंतुसंसर्ग होऊ शकतो. सीएमव्ही हा विषाणू भारतात बहुतेक प्रौढांच्या शरीरात लहानपणापासूनच मुक्कामाला असतो, तो उठू शकतो. रुजलेली मज्जा नाकारली जाऊ शकते. आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तो कॅन्सर उलटू शकतो. एकाच माणसाच्या पुढ्यात एवढे वेगवेगळे धोके उभे असतात, आणि एक कमी करायला जावं तर दुसरा वाढतो. जीव्हीएचडी फार दाबला तर कॅन्सर उलटायला वाव मिळतो. त्यामुळे ‘गॅरंटी किती?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचं तर एका आकड्यात देता येत नाही.

डॉक्टर मंडळी अनेकदा ‘फिफ्टी-फिफ्टी’ म्हणतात. ते उत्तर सोपं असतं, ऐकणाऱ्यालाही झेपतं. पण सात वर्षांच्या थॅलेसेमियाच्या मुलीला सख्ख्या भावाचा पूर्ण जुळणारा मॅरो मिळणार असेल आणि पन्नाशीच्या माणसाचा ल्युकेमिया दुसऱ्यांदा उलटलेला असेल, तर दोघांनाही फिफ्टी-फिफ्टी सांगणं हा दोघांवरही अन्याय आहे. पहिलीचे आई-बाप विनाकारण घाबरून मागे फिरतील, दुसऱ्याचं कुटुंब जमीन विकून बसेल.

भारतातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण मार्च 1983 मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालं. डॉ. सुरेश अडवाणी यांच्या चमूने ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाचा मॅरो दिला. त्या काळी भाकितासाठी हाताशी होता तो डॉक्टरांचा अनुभव आणि परदेशातली थोडीफार उदाहरणं. गुणांची पद्धत नंतर आली. स्वित्झर्लंडचे आलोइस ग्राटवोल यांनी 1998 मध्ये युरोपातल्या सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरच्या 3,142 रुग्णांच्या नोंदींवरून पाच प्रश्नांची एक पट्टी तयार केली: वय किती, आजार कोणत्या टप्प्यावर, निदानाला वर्ष उलटलं का, दाता सख्खा की परका, आणि दाता बाई व रुग्ण पुरुष अशी जोडी आहे का. गुण शून्य ते सात. जितके जास्त तितका धोका जास्त. अमेरिकेत सिएटलच्या मोहम्मद सोरर यांनी 2005 मध्ये रुग्णाच्या इतर व्याधींची सतरा कलमी यादी केली: मधुमेह, फुप्फुस, यकृत, हृदय, चालू असलेला जंतुसंसर्ग, अगदी मानसोपचाराची गरज पडेल इतकी उदासीसुद्धा. शून्य गुण असलेल्यांपैकी दोन वर्षांत आजार न उलटता, म्हणजे उपचाराच्याच परिणामांनी, दगावलेले 14 टक्के होते, तर तीन किंवा जास्त गुण असलेल्यांपैकी 41 टक्के.

ग्राटवोल यांच्या पट्टीचं पुढे जे झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. 2001 मध्ये इमॅटिनिब ही गोळी बाजारात आली आणि सीएमएलचा रुग्ण रोज एक गोळी घेऊन वर्षानुवर्षं जगू लागला. ज्या आजारावर ही पट्टी बेतली होती त्यात प्रत्यारोपणाचीच गरज विरळ झाली. पट्टी चुकीची नव्हती, पण तिच्याखालची जमीन सरकली. 2009 मध्ये ती इतर आजारांसाठी नव्याने पडताळून घ्यावी लागली. कुठलंही भाकीत आपल्या काळातल्या औषधांवर आणि आपल्या ठिकाणच्या माणसांवर उभं असतं. ते जसंच्या तसं उचलून दुसरीकडे ठेवलं तर काय होतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण कॅन्सरचं नसून थॅलेसेमियाचं आहे, आणि ते भारतातलंच आहे.

इटलीतल्या पेसारो गावात ग्विदो लुकारेल्ली थॅलेसेमियाच्या मुलांना बोन मॅरो देत. 1990 मध्ये त्यांनी मुलांचे तीन वर्ग पाडले. यकृत बरगडीखाली दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त उतरलंय का, यकृताच्या तुकड्यात तंतुमय चट्टे दिसतात का, आणि शरीरात साठणारं लोह काढण्याचं औषध नियमित घेतलं का, हे तीन प्रश्न. तिन्हींचं उत्तर चांगलं तर पहिला वर्ग, तिन्हींचं वाईट तर तिसरा. पहिल्या वर्गातली बहुतेक मुलं बरी होत, तिसऱ्यातल्यांचे हाल होत. जगभर ही वर्गवारी वापरली जाऊ लागली.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1986 पासून प्रत्यारोपणं होत होती. तिथे येणारी मुलं पेसारोच्या मुलांसारखी नव्हती. लोह काढण्याचं औषध महाग, त्यामुळे ‘नियमित’ हा शब्द अनेक घरांत लागूच होत नसे. रक्त अर्धवट चढवलेलं, निदान उशिरा. पुष्कळ मुलं आपसूक तिसऱ्या वर्गात पडत. पण तिसऱ्या वर्गातली सगळी सारख्याच धोक्यात नव्हती, काही चांगली बरी होत होती. विक्रम मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये यातून वाट काढली. तिसऱ्या वर्गात ज्यांचं वय सात किंवा जास्त आणि यकृत पाच सेंटीमीटर किंवा जास्त खाली उतरलेलं, तीच मुलं खऱ्या धोक्यात आहेत, बाकीच्यांना त्यांच्यासोबत मोजू नये.

या दोन खुणांसाठी कुठलंच यंत्र लागत नाही. मूल पाठीवर झोपवायचं, पाय दुमडायला सांगायचं, मोठा श्वास घ्यायला लावायचा आणि उजव्या बरगडीखाली बोटांच्या टोकांनी यकृताची कड शोधायची. ती लागली की बरगडीपासून तिथपर्यंत टेप लावायची. वय जन्माच्या दाखल्यावर असतंच. कराडच्या किंवा मिरजेच्या बालरोग ओपीडीत हे दोन मिनिटांचं काम आहे.

पुढे जे घडलं ते त्याहून महत्त्वाचं. पेसारोच्याच चमूने तिसऱ्या वर्गासाठी वेगळी तयारी शोधली: प्रत्यारोपणाच्या आधी काही आठवडे औषधं देऊन रुग्णाची अतिसक्रिय मज्जा थंड करायची, सोबत लोह काढायचं. लहान वयाच्या तिसऱ्या वर्गातल्या मुलांचे निकाल त्यामुळे खूप सुधारले. वेल्लोरने आपल्या धोक्याच्या गटासाठी ट्रेओसल्फान हे तुलनेने कमी विषारी औषध वापरलं आणि 2013 मध्ये त्या गटाचेही निकाल सुधारल्याचं प्रसिद्ध केलं. वर्गवारीने ज्यांना धोक्यात असल्याचं सांगितलं होतं, त्यांच्यासाठीच उपचार बदलले गेले आणि वर्गवारी खोटी पडत गेली. या सगळ्या इतिहासात भाकिताचा याहून चांगला उपयोग सापडत नाही.

आता यंत्राला हे काम दिलं तर? इस्रायलचे रोनी शुवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये युरोपातल्या 28,236 ल्युकेमिया रुग्णांच्या नोंदी संगणकाला शिकवून शंभर दिवसांच्या आत कोण दगावेल याचा अंदाज बांधला. त्याची अचूकता 0.70 निघाली. याचा अर्थ असा की शंभर दिवसांत दगावलेला एक रुग्ण आणि जगलेला एक रुग्ण अशा शंभर जोड्या समोर ठेवल्या, तर सुमारे सत्तर जोड्यांत संगणकाने दगावलेल्याला जास्त धोका दाखवला. नाणं उडवलं असतं तर पन्नास जोड्या बरोबर आल्या असत्या. ग्राटवोल यांची जुनी पाच प्रश्नांची पट्टी त्याच कामात 0.65 च्या आसपास होती. अठ्ठावीस हजार रुग्ण आणि आधुनिक गणित लावून जुन्या पट्टीच्या पुढे गेलो ते एवढंच. याच गटाच्या पुढच्या कामातही हेच दिसलं: गणिताच्या पद्धती बदलून पाहिल्या तरी अचूकता एका मर्यादेपलीकडे जात नाही आणि त्या मर्यादेजवळ पोचायला मोजकेच प्रश्न पुरतात.

म्हणजे उणीव गणितात नाही, नोंदीत आहे. रुग्णाबद्दल जे विचारलंच गेलं नाही, ते संगणक कुठून सांगणार? सांगली-साताऱ्यासाठी खरा प्रश्न इथे सुरू होतो.

पहिली गोष्ट रक्ताची. अॅप्लास्टिक अॅनिमियात मज्जा कोरडी पडते, पेशी बनत नाहीत, वारंवार रक्त आणि प्लेटलेट लागतात. तरुण रुग्णाला सख्ख्या भावंडाचा मॅरो मिळाला तर हा आजार मुळापासून बरा होऊ शकतो. रक्तपेढीत ‘बदली रक्तदाता आणा’ म्हटल्यावर सर्वांत आधी बाही वर करतो तो भाऊच. अनेकदा तर ‘घरच्याचंच रक्त चढवा, बाहेरचं नको’ असा आग्रह धरला जातो. प्रेमापोटी केलेली ही गोष्ट घातक ठरू शकते. भावाचं रक्त बहिणीच्या शरीरात गेलं की तिची प्रतिकारशक्ती त्याच्या पेशींना ओळखायला शिकते, आणि पुढे त्याचाच मॅरो दिल्यावर तो नाकारला जाण्याची शक्यता वाढते. हे 1970 च्या दशकापासून माहीत आहे. उपाय सोपे आहेत. संशयित अॅप्लास्टिक अॅनिमियाच्या रुग्णाला नात्यातलं रक्त चढवायचं नाही, भावाने बदली म्हणून दिलेली पिशवी दुसऱ्या कुणाला द्यायची. पांढऱ्या पेशी गाळलेलं आणि शक्य तिथे किरणांतून काढलेलं रक्त वापरायचं, तेही गरजेपुरतंच. पण हा निर्णय पुण्यातल्या प्रत्यारोपणतज्ज्ञाच्या हातात नसतो. तो विटा, इस्लामपूर, फलटण किंवा कराडच्या दवाखान्यात, निदान पक्कं होण्याआधीच, रात्री घेतला जातो. पुढच्या भाकितातला एक मोठा हिस्सा त्या रात्रीच ठरतो आणि कुठल्याच पट्टीत तो नीट उमटत नाही.

दुसरी गोष्ट उशिराची. ग्राटवोल यांच्या पट्टीत निदानाला बारा महिने उलटले तर एक गुण वाढतो. हा गुण इथे बहुधा पैशांचा आणि कागदांचा असतो. दात्याचं प्रत्यारोपण खासगी रुग्णालयात दहा-पंधरा लाखांच्या खाली क्वचितच होतं, अर्ध्या जुळणीच्या दात्यासाठी आकडा बराच वर जातो. मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक न्यास, टाटांचे न्यास, थॅलेसेमियासाठी कोल इंडियाची 2017 पासूनची दहा लाखांपर्यंतची योजना: अर्ज, इस्टिमेट, उत्पन्नाचा दाखला, पुन्हा इस्टिमेट. तासगावचा द्राक्षवाला बेदाणा विकल्याशिवाय पैसे उभे करू शकत नाही आणि बेदाण्याचे पैसे त्याच्या सोयीने येत नाहीत. तोपर्यंत आजार एका टप्प्यावरून दुसऱ्यावर सरकतो आणि आणखी एक गुण चढतो. तहसील कचेरीतून दाखला लवकर मिळाला तर धोक्याचा गुण टळू शकतो, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण हिशेब तसाच आहे.

तिसरी गोष्ट दात्याची. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी पंचवीस टक्के. चार भावंडं असतील तर त्यातलं एखादं तरी जुळण्याची शक्यता 68 टक्के होते, एकच असेल तर 25 वरच थांबते. आजच्या दोन मुलांच्या घरात रुग्णाला एकच भावंड उरतं. जगभरच्या नोंदणी केंद्रांत चार कोटींहून जास्त दाते असले तरी अमेरिकेतल्या 2014 च्या एका मोठ्या अभ्यासात तिथल्या युरोपीय वंशाच्या लोकांना पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता 75 टक्के दिसली, तर काही कृष्णवर्णीय गटांना फक्त 16 टक्के. आपल्या वंशाचे दाते नोंदलेले नसतील तर कोटींचा आकडा उपयोगाचा नाही. भारतात दात्रीसारखी नोंदणी 2009 पासून चालू आहे, पण देशाच्या मानाने ती फार लहान आहे.

इथे दक्षिण महाराष्ट्राची एक खास गोष्ट आहे. मामाच्या मुलीशी लग्न ही सांगली, सातारा, कोल्हापूरकडे जुनी चाल. नात्यातल्या लग्नाने थॅलेसेमियासारखे आई-बाप दोघांकडून येणारे आजार वाढतात, हे खरं. पण अशा घरात चुलत-मामे भावंडं, कधी आई किंवा बाप स्वतः, पूर्ण जुळण्याची शक्यताही इतर घरांपेक्षा जास्त असते. म्हणून जुळणी पाहणारी एचएलए तपासणी सख्ख्या भावंडांवर थांबवू नये, वंशावळ विचारून पुढे न्यावी. वेल्लोरसारख्या ठिकाणी हे केलं जातं. ही वंशावळ सर्वांत नीट कोणाला ठाऊक असते? रुग्णाच्या आजीला, आणि गावातल्या आशाताईंना. खानापूर-आटपाडीची पोरं सोनं-चांदी गाळण्याच्या गलाई कामाला देशभर पांगलेली असतात. जुळणारा भाऊ केरळात किंवा पंजाबात दुकान सांभाळत असेल तर त्याचं रक्त तिथल्याच लॅबमध्ये देता येतं, त्याला गावी बोलावून महिना घालवायचं कारण नाही.

चौथी गोष्ट रस्त्याची. बोस्टनच्या डाना-फार्बर केंद्रातल्या रुग्णांवरचा एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिलं वर्ष आजार न उलटता पार केलेल्या रुग्णांपैकी ज्यांचं घर केंद्रापासून गाडीने 160 मिनिटांपेक्षा दूर होतं, त्यांचं पुढचं जगणं जवळच्यांपेक्षा कमी भरलं. सातारा ते पुणे सुमारे 110 किलोमीटर, खंबाटकीत अडकलं नाही तर गाडी त्या 160 मिनिटांच्या आत पोचते. सांगली ते पुणे सुमारे 230 किलोमीटर, चार-साडेचार तास. जत तालुक्यातल्या माणसाचे आधी सांगली-मिरज गाठण्यातच दोन तास जातात. बोस्टनचा आकडा महाराष्ट्राला लावता येणार नाही, तिथल्या गाड्या वेगळ्या, विमा वेगळा. पण अंतर हा घटक आहे की नाही, हे इथे कोणी मोजलंय का?

अंतर म्हणजे फक्त किलोमीटर नव्हेत. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या अॅक्ट्रेक केंद्रात दात्यांची प्रत्यारोपणं होतात. पाटण आणि जावळीतली माथाडी कुटुंबं पिढ्यान्पिढ्या कोपरखैरणे, घणसोलीत आहेत. पाटणच्या एखाद्या रुग्णाला तिथे चुलत्याचं घर मिळू शकतं, डबा मिळू शकतो, तापात रात्री रिक्षा करून नेणारं माणूस मिळतं. जतच्या रुग्णाला खोली भाड्याने घ्यावी लागते, सोबत आलेल्या एकट्या आईने स्वयंपाकही करायचा आणि रांगेतही उभं राहायचं. दोघांचं वय, आजार, दाता, यकृत सगळं सारखं धरा. पट्टी दोघांना एकच गुण देईल. दोघांचं नशीब एकच असेल असं मात्र कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही.

आणि परत आल्यावरचे महिने. तळहातावर लाल पुरळ, पाण्यासारखे जुलाब, डोळ्यांत पिवळेपणा, ही तीव्र जीव्हीएचडीची लक्षणं. गावात पुरळ म्हणजे अॅलर्जी, जुलाब म्हणजे बाहेरचं खाल्लं, आणि पिवळेपणा म्हणजे काविळीच्या झाडपाल्यासाठी पंचक्रोशीतल्या ठरलेल्या माणसाकडे जाणं. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस चालू असताना फंगसची साधी गोळी दिली तर त्या औषधाची रक्तातली पातळी भलतीच चढू शकते, आणि टीबीसाठी रिफॅम्पिसिन दिलं तर ती कोसळू शकते. लहानपणी घेतलेल्या लसींचं संरक्षणही बरंच पुसलं जातं. रुग्णाला साधारण सहा महिने ते वर्षानंतर लसी नव्याने द्याव्या लागतात, आणि गोवरासारख्या जिवंत लसींसाठी किमान दोन वर्षं थांबावं लागतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना हे कोणी सांगितलेलं नसतं.

कृष्णाकाठाला भाकिताचा उपयोग कसा करायचा हे वेगळं शिकवायला नको. कोयना धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे कळलं की कराडचा प्रीतिसंगम, मग खालची गावं, मग सांगलीचा आयर्विन पूल, असा हिशेब घराघरांत होतो. पुलाजवळ चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस ही धोक्याची. दत्तनगरातला आणि सूर्यवंशी प्लॉटमधला माणूस फुटांचा आकडा ऐकून सामान वरच्या मजल्यावर न्यायचं की घर सोडायचं ते ठरवतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. पातळी फुटाफुटाने जाहीर होत होती, पण होड्या पुरेशा नव्हत्या आणि ब्रह्मनाळला माणसं बुडाली. आकडा माहीत असणं आणि आकड्यापुढची तयारी असणं यातलं अंतर या जिल्ह्याने जीव गमावून मोजलं आहे.

या सगळ्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. गुण द्यायला लागलात की ते गुण दार बंद करायला वापरले जातील. न्यासाच्या समितीपुढे दोन अर्ज आहेत, पैसा एकापुरता आहे, मग कमी धोक्याच्या रुग्णालाच मिळेल. रुग्णालयांचे निकाल जाहीर व्हायला लागले तर ती अवघड रुग्ण घेईनाशी होतील. हे भय खरं आहे. पण गुण न दिल्याने निवड थांबत नाही, ती फक्त अंधारात होते. आज निवड ओळखीने होते, इंग्रजीत अर्ज लिहिता येण्याने होते, मुंबईत नातलग असण्याने होते. त्यापेक्षा उघड गुण बरे, एका अटीवर: प्रत्येक गुणाशेजारी तो कशाने कमी होऊ शकतो हे लिहिलेलं असावं. वय बदलता येत नाही, आजाराने ओलांडलेला टप्पाही नाही. लोह उतरवता येतं, जंतुसंसर्ग आधी बरा करता येतो, दात किडलेले असतील तर काढता येतात, वजन वाढवता येतं, नात्यातलं रक्त थांबवता येतं, राहायची खोली शोधता येते. निकालांची तुलना करायची तर रुग्ण किती धोक्याचे घेतले हे धरूनच करायची. नाहीतर अवघड रुग्णाला हात घालणारं रुग्णालयच बदनाम होईल.

आकडा स्पष्ट सांगण्यात दुसराही एक न्याय आहे. ज्याचा आजार वारंवार उलटला, ज्याचे गुण सगळ्या पट्ट्यांवर वरच्या टोकाला आहेत, अशा माणसाला ‘नको’ म्हणण्याचा हक्क आहे. शेत न विकता, मुलांजवळ राहून, वेदना आटोक्यात ठेवून उरलेले महिने काढायचे हा निर्णय तो तेव्हाच घेऊ शकतो, जेव्हा कोणी त्याला खरं सांगतं. तेही ‘तुमच्यासारख्या शंभरांपैकी इतके’ अशा शब्दांत सांगायचं आणि शेवटी हेही सांगायचं की तुम्ही त्या शंभरांतले कोण, ते आम्हालाही दिसत नाही.

देशात प्रत्यारोपणांची नोंद ठेवण्याचं काम रक्त आणि मज्जा प्रत्यारोपणतज्ज्ञांची भारतीय संघटना करते. त्या नोंदीत आजार, वय, दाता, औषधं येतात. सांगली आणि सातारा जिल्ह्यातून जाणाऱ्या रुग्णांसाठी त्यात चार प्रश्न जोडता येतील. तालुका कोणता आणि केंद्रापर्यंत किती तास? निदानापासून पहिल्यांदा प्रत्यारोपणतज्ज्ञाला दाखवेपर्यंत किती दिवस? त्याआधी किती पिशव्या रक्त चढलं आणि त्यातलं नात्यातलं किती? घरी परतल्यावर पहिला ताप आला तेव्हा कोणी तपासलं? हे प्रश्न विचारायला ना नवं यंत्र लागतं ना मोठा निधी. मिरज आणि कराडच्या रुग्णालयांतला एक प्रशिक्षित कारकून, एक रक्तविकारतज्ज्ञ आणि पुण्या-मुंबईच्या केंद्रांशी फोनवरचा करार एवढ्यावर ते सुरू होईल. पाच वर्षांची नोंद जमली की सोलापूर, कोल्हापूर आणि बेळगावच्या नोंदी जोडून इथल्या रुग्णांची स्वतःची पट्टी तयार करता येईल. तोपर्यंत लुफ्ट यांचा भागाकार, वेल्लोरची पाच सेंटीमीटर आणि ग्राटवोल यांचे पाच प्रश्न कामाला पुरेसे आहेत. ते आज मिरजेच्या ओपीडीतल्या केसपेपरवर लिहायला सुरुवात करता येईल, आणि सर्वांत वर, लाल शाईत, नात्यातलं रक्त देऊ नये ही सूचना.